सात तासांची मिरवणूक

१९५२ साली खाशाबा दादासाहेब जाधव कराडच्या रेल्वे स्टेशनवर उतरले, तेव्हा त्यांना न्यायला माणसांचा लोंढा आला होता. एकटं त्यांचं गाव गोळेश्वर नव्हे, आसपासच्या वाड्यावस्त्याही लोटल्या होत्या. शंभरावर बैलगाड्या जुंपून लोक आले होते. ढोल वाजत होते. स्टेशनपासून गावापर्यंतची एरवी पंधरा मिनिटांची वाट त्या दिवशी सरायला सात तास लागले.

खाशाबांनी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमधून कांस्यपदक आणलं होतं. स्वतंत्र भारताला मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पदक मिळालं २३ जुलैला, आणि दुसऱ्याच दिवशी भारताच्या हॉकी संघानं अंतिम सामन्यात हॉलंडला ६-१ असं हरवून सुवर्ण जिंकलं. बलबीरसिंगांनी एकट्यानं पाच गोल केले. साहजिकच देशभर जयजयकार झाला तो हॉकीचा. कृष्णाकाठानं मात्र आपला माणूस ओळखला. पुढं सरकारदरबारी खाशाबांची आठवण व्हायला अनेक वर्षं गेली. कराडच्या रस्त्यावरच्या माणसांना ती करून द्यावी लागली नाही.

त्या सात तासांची गोष्ट मला पदकाइतकीच मोलाची वाटते. कुस्ती पैलवान खेळतो हे खरं, पण सातारा-सांगलीत कुस्ती जगवली ती बघणाऱ्यांनी. खाशाबांच्या पदकामागं ही माणसं कशी उभी होती, ते पाहायला हवं.

त्या काळचा नकाशा आधी डोळ्यांपुढं आणू. आजचे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे तेव्हा नुकतेच वेगळे झाले होते. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग आणि भोवतालची संस्थानं मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. कागदावर रेघ ओढली गेली तरी जत्रा त्याच राहिल्या, सोयरिकी त्याच राहिल्या आणि कुस्तीची मैदानंही तीच राहिली. कराडचा पैलवान वाळव्याला लढायचा, शिराळ्याचा पोरगा कराडला जायचा, आणि दोघंही मोठी कुस्ती धरायला कोल्हापूरची वाट चालायचे. छत्रपती शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला होता. १९१२ च्या सुमारास त्यांनी बांधलेलं खासबाग मैदान हे सगळ्या मुलखाचं स्वप्न होतं.

गावोगावची मैदानं लहान असली तरी रीत तीच. पिकं निघाली, जत्रांचे दिवस आले की गावकी वर्गणी गोळा करायची. कुणी शंभर द्यायचा, कुणी पायलीभर जोंधळा. पंच मंडळी बसून जोडी ठरवायची. जत्रेच्या दुपारी आखाड्याभोवती माणसं गोल बसायची. मागं बैलगाड्यांचं कडं, गाड्यांच्या साट्यांवर पोरं, झाडांच्या फांद्यांवर आणखी पोरं. सुरुवात रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. सहा-सात वर्षांचं पोर लंगोट कसून उतरायचं आणि जिंकलं की मूठभर रेवड्या घेऊन आईकडं पळायचं. मग नारळावरच्या कुस्त्या, मग रुपयांच्या. ऊन कलतं झालं की नंबर एकची कुस्ती लागायची. शड्डू घुमायचा आणि मैदान गप्प व्हायचं.

अशा वेळी हलगीवाल्याकडं लक्ष द्यावं. पैलवान खडाखडी करत एकमेकांचा अंदाज घेत असतात तोवर हलगी संथ. एकानं पट काढला, दुसरा खाली गेला की तीच हलगी कडाडते. बघणाऱ्यांच्या छातीत नेमकं काय चाललंय ते ती सांगते. लोक नुसते बघत नाहीत. "घिस्सा घे!", "मोळी बांध!", "पाय सोडव!" असे शंभर वस्ताद शंभर दिशांनी ओरडत असतात. त्यातल्या निम्म्यांनी तरी लहानपणी तालमीची माती अंगाला लावलेली असते, त्यामुळं ते ओरडणं अडाण्याचं नसतं. कुस्ती चितपट झाली की फेटे हवेत उडतात. जिंकलेला पैलवान आखाड्याला फेरी मारतो आणि लोक त्याच्या हातात नोटा कोंबतात. पाचाची असेल, दहाची असेल. कर्ण्यावरून देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं. देणारा नाव ऐकून खाली बसतो आणि वर्षभर सांगत राहतो की त्या कुस्तीला माझेही पाच रुपये होते.

या पाच रुपयांत मोठा अर्थ आहे. विजयात वाटा असल्याची ती पावती होती. खाशाबा घडले ते असल्या मुलखात.

१५ जानेवारी १९२६ रोजी गोळेश्वरात खाशाबांचा जन्म झाला. घरात कुस्ती होती. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण झालं. बेचाळीसच्या चळवळीत सातारा जिल्हा पेटला, नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, तेव्हा भूमिगतांना आसरा देणं, निरोप पोचवणं ही कामं शाळकरी खाशाबांनीही केली. पुढं कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात ते दाखल झाले. बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजींच्या हाताखाली त्यांची कुस्ती तयार झाली.

अंगकाठी लहान, पण चपळाई अशी की समोरच्याला हात कुठून आला ते कळायचं नाही. त्यांचा हुकमी डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान आपल्या हातात जखडायची, आपलं अंग त्याच्या अंगाला भिडवायचं आणि एका हिसक्यात त्याला पाठीवर आणायचं. ढाक लागली की सोडवायला वेळच नसतो. बघणाऱ्याची पापणी लवली तर कुस्ती चुकली.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. आयुष्यभर लाल मातीत खेळलेला माणूस तिथं मॅटवर उभा राहिला. मातीत पाय रुततो, धरतो. मॅटवर तो सरकतो. मातीत पाठ लागेपर्यंत कुस्ती चालते, मॅटवर गुण मोजतात आणि घड्याळ पळत असतं. रीस गार्डनर या अमेरिकन कुस्तीगिरानं त्यांना मॅटचे धडे दिले. फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले. गड्याला हे अपयश वाटलं. पुढली चार वर्षं त्यांनी तयारी केली ती वरच्या वजनगटात उतरण्याची.

पण १९५२ ला जाणं सोपं नव्हतं. निवडीत आपल्यावर अन्याय झाला असं खाशाबांचं म्हणणं होतं. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली. पुन्हा कुस्ती लागली आणि खाशाबांनी निरंजन दासला पाडून आपली जागा मिळवली. मग पैशांचा प्रश्न आला. सरकारकडून पुरेशी मदत होईना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या माणसांनी दारोदार वर्गणी जमवली. जत्रेत जे हात पैलवानाच्या मुठीत पाचाची नोट कोंबत, त्याच हातांनी आता त्याला समुद्रापार पाठवलं. गावकीची वर्गणी ऑलिंपिकला पोचली.

हेलसिंकीत कुस्त्या मेस्सुहाल्ली नावाच्या प्रदर्शनगृहात झाल्या. खाशाबा ५७ किलोच्या बँटमवेट गटात, फ्रीस्टाइलमध्ये उतरले. कॅनडाचा पोलिकँ आणि मेक्सिकोचा बासुर्तो या दोघांना त्यांनी चितपट केलं. जर्मनीच्या श्मिट्झला गुणांवर हरवलं. मग समोर आला जपानचा शोहाची इशी. ही कुस्ती खूप लांबली आणि निसटत्या फरकानं खाशाबांच्या हातून गेली. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी, असा नियम होता. पण लगोलग सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायला त्यांना बोलावलं गेलं. त्यांची बाजू मांडायला एकही भारतीय अधिकारी तिथं हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य.

तो क्षण मी अनेकदा मनात उभा करतो. गावच्या मैदानात पैलवान दमलेला असताना पंचानं दुसरी जोडी लावली असती तर काय झालं असतं? पहिल्या रांगेतले म्हातारे उठून आखाड्यात शिरले असते. कुस्ती थांबली असती. हेलसिंकीत ते म्हातारे नव्हते. ज्या बघणाऱ्यांनी खाशाबांना तिथवर पोचवलं, ते हजारो मैलांवर होते. कराडच्या बैलगाड्या शंभरावर का गेल्या, मिरवणूक सात तास का चालली, याचं उत्तर मला इथं मिळतं. तिथं हजर राहता आलं नाही, ती हजेरी लोकांनी इथं लावली.

गोष्ट मिरवणुकीवर थांबली नाही. परतल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि मिळालेली रक्कम प्राचार्य खर्डेकरांना देऊन त्यांचं गहाण घर सोडवायला हातभार लावला. तिकीट काढून आलेल्या प्रत्येक माणसाचा पैसा त्यात होता. बघणाऱ्यांनी पैलवानाला पाठवलं, आणि पैलवानाच्या शब्दाला जागायलाही बघणारेच धावून आले. असा व्यवहार मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेला नाही.

खाशाबांच्या पाठोपाठ या खोऱ्यात एक पिढीच उभी राहिली. १९६० साली शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर हिंदकेसरी झाले. १९६१ ला औरंगाबादेत महाराष्ट्र केसरीचा किताब प्रथमच लढला गेला आणि पहिली गदा सांगलीच्या दिनकर दह्यारींनी खांद्यावर घेतली. पुढच्या वर्षी, १९६२ मध्ये, जकार्ताचे आशियाई खेळ झाले. तिथं भारतानं कुस्तीत तीन सुवर्णं मिळवली आणि त्यांतली दोन सांगली जिल्ह्यात आली. एक आंदळकरांचं, ग्रीको-रोमनच्या हेवीवेट गटात. दुसरं कवठेपिरानच्या मारुती माने यांचं, फ्रीस्टाइलच्या लाइट हेवीवेटमध्ये. शिवाय दोघांनीही दुसऱ्या प्रकारात एकेक रौप्य आणलं. दोन खेड्यांतले दोन पैलवान आणि चार आशियाई पदकं. १९६४ साली मानेही हिंदकेसरी झाले आणि आंदळकर टोकिओ ऑलिंपिकला गेले.

तेव्हा दूरदर्शन नव्हतं. आकाशवाणीच्या बातम्यांत एखादी ओळ यायची, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी. बाकीची कुस्ती माणसं एकमेकांना सांगून पुरी करायची. पारावर, चावडीत, न्हाव्याच्या खुर्चीत, गुऱ्हाळाच्या चुलवणापुढं एखादी जुनी कुस्ती पुन्हा लागायची. सांगणारा उठून उभा राहायचा, समोरच्याची मान धरायचा आणि ढाक कशी बसली ते करून दाखवायचा. ऐकणाऱ्यांत दोन तट पडायचे. अमक्याचा खांदा टेकला होता की नव्हता, यावर वीस-वीस वर्षं वाद चालायचे. कुणाची कुस्ती किती मिनिटं चालली, अंगावर कुठल्या रंगाचा लंगोट होता, पाऊस कधी आला, हे सगळं लोकांना तोंडपाठ. या मुलखाचा कुस्तीचा इतिहास अशा तोंडांनी सांभाळला आहे.

साताऱ्याच्या नशिबी मात्र एक अपुरी आठवण आली. १९६३ चं महाराष्ट्र केसरीचं अधिवेशन साताऱ्यात भरलं, पण त्या वर्षी किताब कुणालाच मिळाला नाही. कुस्ती अनिर्णित राहिली. मैदानात बसलेल्या माणसाला याहून मोठी हुरहूर नाही. हरलेली कुस्ती माणूस पचवतो. निकालाविना सुटलेली कुस्ती घरी आल्यावरही डोक्यात चालूच राहते. साताऱ्याच्या डोक्यात ती ५९ वर्षं चालली.

एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्र केसरी पुन्हा साताऱ्याला आली. अंतिम कुस्ती कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटील आणि मुंबईकडून उतरलेल्या विशाल बनकर यांच्यात लागली. सुरुवातीला बनकरनं आघाडी घेतली. पृथ्वीराज मागं पडला होता, पण त्यानं एकेक गुण ओढून काढला आणि कुस्ती ५-४ अशी जिंकली. एका गुणाचा फरक. गदा कोल्हापूरला गेली, तीही दोन दशकांहून अधिक काळानं. साताऱ्याचा पैलवान जिंकला नव्हता, तरी साताऱ्याचं मैदान उभं राहून ओरडत होतं. जाणता प्रेक्षक निकाली कुस्तीचा भुकेला असतो, आणि ती कुणीही दिली तरी त्याला डोक्यावर घेतो.

वर्षभरात, मार्च २०२३ मध्ये, सांगलीनं आणखी एक पान लिहिलं. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीला झाली. अंतिम कुस्तीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवलं आणि चांदीची गदा उचलली. ज्या मैदानांच्या कडेला बायकांनी उभं राहणंही एके काळी रीतीला धरून नव्हतं, तिथं एका मुलीच्या खांद्यावर गदा आली आणि बाप्ये माणसं तिच्या नावानं ओरडली. रेवड्या जिंकून आईकडं पळणाऱ्या पोरांच्या या मुलखात आता मुलगी जिंकते आणि आई आखाड्यापाशी उभी असते. १९६१ ची पहिली गदा सांगलीची, आणि महिलांचीही पहिली गदा सांगलीचीच.

खाशाबांच्या आयुष्याचा उत्तरार्ध मात्र सुखाचा गेला नाही. १९५५ मध्ये ते पोलीस उपनिरीक्षक झाले. सत्तावीस वर्षं नोकरी केली, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावं लागलं. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत ज्योत घेऊन धावण्याचा मान त्यांना मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. त्यांच्यानंतर भारताला दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला १९९६ उजाडावं लागलं; अटलांटात लिअँडर पेसनं टेनिसचं कांस्य जिंकलं. त्या दिवशी देशानं विचारलं, याआधी कोण? तेव्हा कुठं खाशाबांचं नाव दिल्लीला पुन्हा आठवलं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आता महाराष्ट्रात १५ जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

चव्वेचाळीस वर्षं जे देशाला आठवलं नाही, ते एका तालुक्यानं एक दिवसही विसरलं नव्हतं. गोळेश्वरात खाशाबांच्या घराचं नाव ऑलिंपिक निवास आहे. पदकाची नोंद ऑलिंपिकच्या दप्तरात एका ओळीची आहे. सात तासांच्या मिरवणुकीची नोंद मात्र माणसांच्या बोलण्यात राहिली, आणि बोलण्यातूनच ती तुमच्या-माझ्यापर्यंत आली.

पण बोलणारी तोंडं कमी होत चालली आहेत. मारुती माने २०१० मध्ये गेले, गणपतराव आंदळकर २०१८ मध्ये. त्यांच्या कुस्त्या आखाड्याच्या कडेला बसून पाहणारी माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत. आपल्या घरात, आळीत, भावकीत असा एखादा आजा असेल. दुपारी ओसरीवर बसतो, कुणी शेजारी टेकलं की जुन्या मैदानाचा विषय काढतो, आणि आपण हातातला मोबाइल चाळत नुसतं हूं हूं करतो. यंदाच्या जत्रेला त्याच्याजवळ बसा. कुठल्या गावची कुस्ती, कोण कुणाशी, कुठला डाव, इनाम किती, हलगी कोण वाजवत होतं, हे सगळं विचारा. तोच मोबाइल त्याच्यापुढं धरून त्याचा आवाज ठेवून घ्या आणि गावाचं नाव, साल लिहून ठेवा. त्यानं उठून तुमची मान धरली आणि ढाक कशी बसते ते दाखवायला लागला, तर मान सोडवून घेऊ नका.